उबंटूवर व्हिडिओ कॉल: आधी आवाज, मग बाकीचं

बाई, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. गुहागर तालुक्यातल्या घरी बसून शनिवार-रविवार तुम्ही मुंबई-पुण्याच्या दहा-बारा मुलांना संस्कृत शिकवता. लॅपटॉप २०१५ सालचा, चार जीबी रॅमचा. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून दिवाळीत आलेल्या पुतण्याने उबंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. बाकी सगळं तुम्हाला आवडलंय. पण तेव्हापासून मुलं म्हणतात, "बाई, तुमचा आवाज विहिरीतून येतोय." मधेच तो तुटतो, आणि पाऊस लागल्यापासून तर जास्तच. श्लोकाचं पान दाखवायला गेलं की मुलांना काळी चौकट दिसते. लिनक्सवर व्हिडिओ कॉल नीट चालतच नाहीत का, परत विंडोज टाकून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. मी चिपळूणला अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि गेली काही वर्षं माझा बराच वेळ जुन्या मशीनवर लिनक्स बसवून देण्यातच जातो. व्हिडिओ कॉलची तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा दोष बहुतेक वेळा माइकमध्ये, खोलीत नाहीतर इंटरनेटच्या लाइनमध्ये निघतो. लिनक्सचा स्वतःचा म्हणावा असा दोष तुमच्या पत्रात एकच आहे, तो काळ्या चौकटीचा. त्यालाही उपाय आहे. पण मी तो शेवटाकडे सांगणार आहे, कारण चित्र गेलं तरी वर्ग चालू राहतो, आवाज गेला की वर्ग संपला. म्हणून आधी आवाज.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, "मुलाने दिलेला ब्लूटूथचा नेकबँड लावते, त्यामुळे कानाला त्रास नाही." बाई, विहीर इथेच आहे. ब्लूटूथची गंमत अशी आहे की गाणं ऐकताना त्याची वाट वेगळी असते आणि बोलताना वेगळी. गाण्याच्या वाटेला ए-टू-डी-पी म्हणतात. तिच्यात आवाज छान येतो, पण ती एकेरी आहे, माइक तिच्यात चालतच नाही. तुम्ही कॉल सुरू करून नेकबँडचा माइक निवडला की लॅपटॉपला दुसऱ्या वाटेवर, हेडसेटच्या प्रोफाइलवर जावं लागतं. तिथे दोन कोडेक (आवाज आकड्यांत बांधून पाठवायच्या पद्धती) भेटतात, जुना सीव्हीएसडी आणि त्यातल्या त्यात बरा एमएसबीसी. सीव्हीएसडी सेकंदाला आठ हजार वेळा आवाजाचा नमुना घेतो, म्हणजे चार हजार हर्ट्झच्या वरचं त्याच्यातून काहीच पलीकडे जात नाही. एमएसबीसी सोळा हजार नमुने घेतो, त्यामुळे आठ हजार हर्ट्झपर्यंत जातं.

हे आकडे तुमच्या विषयाला थेट लागू आहेत. श, ष आणि स यांच्यातला फरक ज्या सळसळीत असतो, ती बरीचशी चार हजार हर्ट्झच्या वर असते. म्हणजे सीव्हीएसडीतून तुम्ही 'शिव' म्हटलंत की 'सिव' म्हटलंत, हे पलीकडच्या मुलाला कानाने ओळखणं अवघड आहे. तुम्ही उच्चार शिकवता, आणि नेमका उच्चारच वाटेत गळतोय. मराठीतून गप्पा मारताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण अर्थावरून आपण शब्द भरून काढतो. नऊ वर्षांच्या मुलाला 'शिष्यः' हा शब्द नवा असतो, त्याला भरून काढता येत नाही.

तुमच्या मशीनवर कोणता कोडेक लागलाय ते बघता येतं. पुतण्याला सांगून 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाचं छोटं अवजार बसवून घ्या; आम्ही त्याला पॅव्हूकंट्रोल म्हणतो. नाव जुनं आहे. उबंटू २२.१० पासून आवाजाची व्यवस्था पल्सऑडिओकडून पाइपवायरकडे आली, पण हे अवजार पाइपवायरवरही तसंच चालतं. त्यात शेवटचा 'कॉन्फिगरेशन' टॅब उघडा. नेकबँडच्या नावाखाली प्रोफाइलची यादी दिसेल. सीव्हीएसडी असेल आणि एमएसबीसीचा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. त्याहून बरं म्हणजे प्रोफाइल ए-टू-डी-पीवरच ठेवा, ऐकायला नेकबँड आणि बोलायला दुसरा माइक. सगळ्यात बरं म्हणजे वर्गापुरता नेकबँड बाजूला ठेवून वायरचा यूएसबी हेडसेट वापरणं. उबंटूत त्याला ड्रायव्हर लागत नाही, खोचला की दिसतो.

यूएसबीच का, जॅकचा का नाही? जॅकचा हेडसेट वाईट नसतो. पण आपल्याकडे खारी हवा आहे. हर्णै, वेळणेश्वर, जयगड या बाजूचे लॅपटॉप माझ्याकडे येतात तेव्हा हेडफोनच्या भोकात आतली पट्टी हिरवट पडलेली असते. प्लग खोचला की खरखर, फिरवला की एका कानात आवाज, सोडला की गेला. लॅपटॉपला वाटतं हेडसेट काढला, म्हणून तो मध्येच आतल्या माइकवर उडी मारतो, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर काही दिवस बरं चालतं. यूएसबीच्या भोकालाही खार लागतोच, पण त्याच्या पट्ट्या रुंद असतात आणि लॅपटॉपला तशी दोन-तीन भोकं असतात, एक गेलं तर दुसरं.

आता पावसाचं. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. निवृत्त काका, मुलगी परदेशात, रोज संध्याकाळी तिच्याशी बोलणं. तिला काकांचं ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी दोन वेबकॅम बदलले होते आणि तिसरा मागवायच्या बेतात होते. ओटीवर टेबल, वर पत्रा, बाहेर झड लागलेली. मी पॅव्हूकंट्रोल उघडून 'इनपुट डिव्हायसेस'वर गेलो आणि काकांना म्हटलं, आता कोणीच बोलू नका. आम्ही दोघं गप्प, आणि माइकची पट्टी अर्ध्याच्या वर थरथरतेय. काकांनी पट्टीकडे बघितलं, मग वर पत्र्याकडे बघितलं. नंतर ते बोलले तेव्हा पट्टी जेमतेम दोन बोटं वर गेली. मुलीला बिचारीला जे ऐकू येत होतं त्यात पाऊसच जास्त होता.

आम्ही टेबल माजघरात नेलं. वर माळा आणि त्याच्यावर कौलं, चारी बाजूंना चिऱ्याच्या भिंती. पट्टी एक-पंचमांशावर आली. मग माझ्या पिशवीतला हेडसेट लावला, माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब, समोर नाही, बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' म्हणताना श्वास आदळत नाही. इनपुटचा जोर कमी केला. गप्प असताना पट्टी जवळजवळ शून्यावर, बोलताना पाऊणपर्यंत. एवढंच काम होतं. वेबकॅमची मागणी रद्द झाली.

तुम्ही नेमकं हेच करा. वर्गाच्या आदल्या दिवशी पाऊस पडत असताना पाच सेकंद गप्प बसा आणि पट्टी बघा. गप्प असतानाची पट्टी आणि बोलतानाची पट्टी यांत जेवढं अंतर, तेवढं मुलांना स्पष्ट ऐकू येणार. अंतर वाढवायचे दोनच खरे उपाय आहेत, गोंगाट लांब नेणं आणि माइक जवळ आणणं. सॉफ्टवेअरने गोंगाट पुसायचा उपाय तिसरा आहे आणि तो तिसराच ठेवा. मीट, झूम, जित्सी अशा कॉलच्या सेवांमध्ये गोंगाट दाबायची सोय असते. शिवाय लिनक्सवर नॉइझटॉर्च आणि ईझीइफेक्ट्स अशी मोफत अवजारं आहेत, आणि ती चांगली आहेत. पण पुतण्याने उत्साहाने ईझीइफेक्ट्स बसवलं असेल आणि ब्राउझरमध्येही गोंगाट दाबणं चालू असेल, तर आवाज दोनदा गाळला जातो. दुसऱ्या गाळणीला पहिल्या गाळणीचा चोथा मिळतो. आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. कोणतीही एकच ठेवा.

श्लोक चालीवर म्हणताना तर ही सोय बंदच करून बघा. लांबवलेला स्वर एकसारखा असतो, आणि एकसारखा आवाज म्हणजे पंखा किंवा पाऊस अशी त्या प्रोग्रॅमची समजूत असते. तो तुमचा 'आऽऽ' अर्ध्यावर दाबतो. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीच दिलाय.

आतल्या माइकबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती माहीत नसेल तर माणूस दोन दिवस डोकं फोडतो. काही लॅपटॉपमध्ये दोन माइक असतात आणि त्यातल्या एकाचा आवाज उलटा येतो. उलटा म्हणजे लाट वर जायच्या वेळी खाली जाते. लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं तर सगळं ठीक वाटतं, पट्टीही नाचते. पण व्हिडिओ कॉल दोन्ही बाजू मिसळून एकच आवाज पाठवतो, आणि मिसळल्यावर उलट-सुलट लाटा एकमेकींना खातात. पलीकडे जवळजवळ शांतता. असं असेल तर पॅव्हूकंट्रोलमध्ये माइकच्या नावाशेजारचं कुलूप उघडा, डावी-उजवी पट्टी वेगळी होईल, उजवी शून्यावर आणा. हेडसेट घेतलात तर तुम्हाला याची गरज पडणार नाही.

त्याच अवजारातला 'रेकॉर्डिंग' टॅब मात्र लक्षात ठेवा. कॉल चालू असतानाच तो भरलेला दिसतो, आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की ब्राउझर आत्ता कोणत्या माइकमधून ऐकतोय. हेडसेट लावूनही ब्राउझर आतल्याच माइकमधून ऐकत असतो, असं मी कितीतरी घरांत बघितलंय. तिथेच नावावर टिचकी मारून बदलता येतं, कॉल तोडावा लागत नाही. मला लिनक्स आवडण्याचं हे एक कारण आहे. आवाज कुठून निघाला, कुठे गेला, मध्ये कोणी धरला, हे सगळं उघड्यावर असतं.

आता आवाज तुटण्याबद्दल. इथे दोन संशयित आहेत, मशीन आणि लाइन, आणि ते आधी वेगळे करायला हवेत. कॉल चालू असताना 'सिस्टिम मॉनिटर' उघडून ठेवा. प्रोसेसरच्या रेघा शंभर टक्क्यांना चिकटलेल्या असतील, किंवा मेमरी भरून 'स्वॅप' (मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर घेतलेली उसनी जागा) वाढत असेल, तर मशीन दमलंय. चार जीबीत उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप आणि दहा-बारा चेहऱ्यांचा कॉल म्हणजे ओढाताण आहे. लिनक्सवर ब्राउझरमधल्या कॉलचा व्हिडिओ बऱ्याचदा ग्राफिक्सच्या चिपऐवजी प्रोसेसरच उलगडतो, त्यामुळे जुन्या मशीनवर पंखा ओरडायला लागतो. मीटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये येणारं चित्र ३६० वर आणा. सगळ्यांचे चौकोन एकदम दिसतात ती मांडणी सोडून एकाच चेहऱ्याची ठेवा. पार्श्वभूमी धूसर करणं बंद. यानेही भागलं नाही तर मशीनमध्ये आणखी चार जीबी रॅम टाका. २०१५ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती टाकता येते. नाहीतर पुतण्याला झुबंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकायला सांगा, तीही उबंटूचीच भावंडं आहेत, पण हलकी. डिस्क जुनी फिरती असेल तर रॅमच्याही आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका.

मशीन निवांत दिसत असेल तर दोष लाइनचा. इथेही घाईने कंपनीला फोन लावू नका. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, राउटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा; दोन मिनिटं चालू द्या. हे काम पुतण्या फोनवरून सांगू शकेल. प्रत्येक ओळीच्या शेवटी मिलिसेकंदाचा आकडा येतो. राउटरपर्यंत जायला दोन-तीन, फार तर दहा मिलिसेकंद लागायला हवेत. ते तीनवरून तीनशेवर उड्या मारत असतील तर दोष तुमच्या घरातलाच आहे, आणि आपल्याकडे तो बहुधा चिऱ्याचा असतो. जांभ्याची दीड-दोन फुटी भिंत वाय-फायला जड जाते, त्यात ती पावसाळ्यात पाणी प्यायलेली असते. पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय अशा दोन भिंतींपलीकडे जातच नाही म्हटलं तरी चालेल, २.४ थोडं जातं. राउटर पडवीत आणि तुम्ही माजघरात, मधे दोन भिंती. मी सरळ लॅनची वायर ओढायला सांगतो. शंभर मीटरपर्यंत ती बिनघोर चालते, आणि दाराच्या चौकटीवरून नेली की कोणाच्या पायात येत नाही.

राउटरपर्यंत आकडे स्थिर आणि बाहेरच्या पत्त्याला पिंग केल्यावर उड्या, तेव्हाच लाइनवाल्याला फोन करा, आणि हेच आकडे त्याला सांगा. "नेट स्लो आहे" म्हटलं की तो स्पीड मोजून दाखवतो आणि स्पीड चांगलाच येतो. व्हिडिओ कॉलला वेगापेक्षा सातत्य लागतं. आवाजाची पाकिटं (तुकडे) ठरलेल्या ठेक्यात यायला हवीत, ठेका चुकला की शब्द गळतो.

फायबर बंद पडलं की तुम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाता असं लिहिलंय. वाय-फायच्या हॉटस्पॉटऐवजी फोन यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. उबंटू लगेच ओळखतं. फोन चार्जही होत राहतो आणि एक बिनतारी टप्पा कमी होतो. रेंज माळ्यावरच येत असेल तर लांब वायर घ्या, यूएसबी २ ची पाच मीटरपर्यंत चालते.

आणि लाइन अगदीच धापा टाकायला लागली तर कॅमेरा बंद करा. याला कमीपणा मानू नका. बोलण्यासाठी आज जवळजवळ सगळीकडे ओपस नावाचा कोडेक वापरतात. तो २०१२ मध्ये खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झाला, कोणालाही विनामूल्य वापरता येतो. सेकंदाला चाळीस किलोबिटमध्ये तो माणसाचा आवाज सुरेख पोचवतो, म्हणजे तासाला अठरा एमबी. साधारण बरा व्हिडिओ सेकंदाला सहाशे किलोबिट घेतो, तासाला दोनशे सत्तर एमबी. पंधरा पट. कॅमेरा बंद केला की तेवढी वाट आवाजाला मोकळी होते, आणि तुमचा श, ष, स शाबूत पोचतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. लिनक्सच्या गाभ्यात २००८ पासून यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं सर्वमान्य मानक) कॅमेऱ्यांचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे बाजारातला जवळजवळ कोणताही वेबकॅम खोचला की चालतो. एका वेळी एकच प्रोग्रॅम कॅमेरा वापरू शकतो, हे लक्षात ठेवा. कॅमेरा चालतोय का बघायला दुसरं ॲप उघडलंत आणि ते तसंच राहिलं, तर कॉलमध्ये कॅमेरा मिळणार नाही. माजघरात उजेड कमी असतो, तेव्हा कॅमेरा उजेड गोळा करायला वेळ घेतो आणि चित्र ओढल्यासारखं हलतं. खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी पाठीशी नको. ट्यूबलाइटखाली चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता साठवर असेल, ती पन्नास हर्ट्झ करा. आपली वीज पन्नासची आहे. 'जीयूव्हीसीव्ह्यू' नावाच्या अवजारात हे सेटिंग सापडतं.

काळ्या चौकटीकडे येतो. पडद्यावर खिडक्या दाखवायच्या जुन्या व्यवस्थेत, म्हणजे एक्स-ऑर्गमध्ये, कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमची खिडकी न विचारता बघू शकत असे. सोयीचं होतं, पण एखादा आगाऊ प्रोग्रॅम तुमचं बँकेचं पानही बघू शकत होता. उबंटू २१.०४ पासून नेहमीसाठी वेलँड आलं, आणि वेलँडमध्ये कोणाला कोणाची खिडकी दिसत नाही. स्क्रीन दाखवायची तर प्रोग्रॅमने यंत्रणेकडे परवानगी मागायची, यंत्रणा तुम्हाला विचारणार, आणि मग पाइपवायरमधून चित्र पुढे जाणार. हे चांगलं झालं असं माझं मत आहे. पण जो प्रोग्रॅम जुनी पद्धत सोडत नाही त्याला वेलँडमध्ये काळोखच दिसतो, आणि तोच तो पुढे पाठवतो.

तुम्ही झूम वापरता आणि ते पुतण्याने पेनड्राइव्हवरून बसवलं असं लिहिलंय. तेव्हा आधी झूमच्या साइटवरून नवी आवृत्ती घ्या. नव्या आवृत्तीत दाखवायला गेलात की उबंटूची स्वतःची चौकट येईल, कोणती स्क्रीन दाखवायची ते विचारेल. तिथे निवडून 'शेअर' दाबल्याशिवाय पुढे काही जात नाही. ही चौकट कधी कधी दुसऱ्या खिडकीच्या मागे उघडते आणि माणूस वाट बघत बसतो. तरीही काळंच दिसलं तर लॉगआउट करा. लॉगिनच्या पडद्यावर तुमच्या नावावर टिचकी मारली की उजव्या खालच्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यात 'उबंटू ऑन एक्स-ऑर्ग' निवडा आणि आत या. काळी चौकट गेलेली असेल. २४.०४ मध्ये ही सोय आहे. उबंटूच्या २५.१० पासून ती काढून टाकलीय, म्हणून कायमचा आधार म्हणून तिच्यावर विसंबू नका.

तुमच्या कामाला याहून सोपी वाट आहे. श्लोकाची पीडीएफ क्रोममध्ये एका टॅबमध्ये उघडा, वर्गही क्रोममध्येच चालवा, आणि दाखवताना 'टॅब' निवडा. पूर्ण स्क्रीन दाखवावीच लागत नाही, त्यामुळे ती परवानगीची भानगडही नाही, आणि मध्येच आलेला खासगी निरोप मुलांना दिसत नाही. शिवाय 'टॅबचा आवाजही पाठवा' हा पर्याय तिथे मिळतो. एखादं रेकॉर्ड केलेलं पठण ऐकवायचं तर ते स्पीकरमधून निघून माइकमध्ये शिरण्याऐवजी थेट पोचतं. फायरफॉक्स मी स्वतः रोज वापरतो, पण टॅब दाखवण्याची सोय त्यात नाही, म्हणून या एका कामापुरतं क्रोम.

सेवा कोणती घ्यावी, हेही विचारलंय. झूमचा मोफत वर्ग चाळीस मिनिटांत संपतो, मीटवर तीन किंवा त्याहून जास्त माणसं असली की साठ मिनिटांत. टीम्सचं लिनक्सवरचं स्वतंत्र ॲप मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या अखेरीस बंद केलं, ते आता ब्राउझरमधूनच. तुम्ही जित्सी वापरून बघावं असं मी आग्रहाने सांगेन. २००३ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याने ते सुरू केलं, सगळा कोड आजही खुला आहे. ब्राउझरमध्ये चालतं, मुलांना खातं लागत नाही, फक्त दुवा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर खोली उघडणाऱ्या एकाला लॉगिन करावं लागतं, म्हणजे तुम्हाला. खोलीचं नाव 'संस्कृत' असं साधं ठेवू नका, दुसरं कोणी त्याच नावाने आत येईल. तीन-चार शब्द जोडून ठेवा आणि वर परवलीचा शब्द लावा. दोघंच असतील तर जित्सी दोन मशीन थेट जोडायचा प्रयत्न करतं, त्यामुळे तुमच्या मुलाशी बोलताना फरक जाणवेल. तिसरा आला की सर्व्हर मध्ये येतो.

बिगब्लूबटन हे खास शिकवण्यासाठी केलेलं आहे, २००७ मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात सुरू झालं, त्यातला फळा फार चांगला आहे. पण त्याला स्वतःचा दणकट सर्व्हर लागतो. दहा मुलांसाठी तो खटाटोप करू नका.

विजेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय हे सगळं अपुरं आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढ्याला कोणाकडेच उत्तर नाही. पण रोजच्या तास-दोन तासांच्या लाईट जाण्याला आहे. राउटर आणि फायबरची डबी बहुतेक वेळा बारा व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, घेण्याआधी दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून या. लॅपटॉपची बॅटरी दहा वर्षांची असेल तर ती दहा मिनिटंही टिकणार नाही. ती बदलणं आगोटीच्या कामांतच धरा, कौलं शाकारताना तीही.

येत्या शनिवारच्या वर्गाला एवढंच करा: नेकबँड बाजूला, टेबल माजघरात, आणि कोणाकडून तरी उसना का होईना, वायरचा हेडसेट. एका मुलाला 'शेषः', 'सर्पः', 'शूरः' म्हणून दाखवा आणि त्याला जे ऐकू आलं ते वहीत लिहायला सांगा. तो बरोबर लिहील तर तुमचा आवाज पोचला. चुकला तर 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये कोणत्या माइकचं नाव दिसतंय तेवढं मला लिहून पाठवा, पुढचं तिथून बघू.